नासिरेमांचं न्हाणीघर कोण घासतं?

मंगळवार आणि गुरुवार, संध्याकाळी साडेसहाचा वर्ग. तिसेक विद्यार्थी, त्यातले बरेचसे दिवसभराची नोकरी उरकून आलेले. एकीच्या अंगावर कॉफीच्या दुकानाचा एप्रन, एक जण हॉस्पिटलच्या गणवेशात, मी गळ्यातलं ऑफिसचं कार्ड खिशात कोंबून मागच्या रांगेत. कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजातला ‘सांस्कृतिक मानवशास्त्राची तोंडओळख’ हा तो वर्ग. कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं सरकारी कॉलेज. इथे टक्केवारी कुणी विचारत नाही, आणि इथून पुढे विद्यापीठात जाता येतं. राज्यातल्या रहिवाशाला युनिटमागे ४६ डॉलर फी. तीन युनिटांचे १३८. आमच्या ऑफिसातली मुलं एका जेवणावर एवढे घालवतात.

मी पुण्यात इंजिनिअरिंग केलं. दहावीच्या इतिहास-नागरिकशास्त्राच्या पेपरानंतर ‘समाज’ हा शब्द माझ्या अभ्यासक्रमात परत आला नाही. अमेरिकेत काही वर्षं कोड लिहिल्यावर लक्षात आलं, की मला यंत्रं थोडीफार कळतात, माणसांबद्दल मात्र माझ्याकडे फक्त मतं आहेत. म्हणून नाव घातलं.

हा लेख त्या वर्गात वाचलेल्या एका गाजलेल्या निबंधाबद्दल आहे. तो निबंध मला आवडला, मग खटकला, आणि शेवटी त्यानं मला अडचणीत आणलं, अशा क्रमानं सांगतो.

तिसऱ्या आठवड्यात बाईंनी पाच पानं वाचायला दिली. (नावानं हाक मारा, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण माझ्या डोक्यात त्या ‘बाई’च राहिल्या.) होरेस मायनर या मिशिगन विद्यापीठातल्या मानवशास्त्रज्ञाचा ‘बॉडी रिच्युअल अमंग द नासिरेमा’ हा निबंध ‘अमेरिकन अँथ्रॉपॉलॉजिस्ट’च्या जून १९५६च्या अंकात आला होता. नासिरेमा ही उत्तर अमेरिकेतली एक जमात, असं मायनर सांगतो. कॅनडातले क्री, मेक्सिकोतले याकी आणि अँटिलीझ बेटांवरचे कॅरिब यांच्या मधल्या मुलखात ती राहते. माणसाचं शरीर मुळात कुरूप आहे आणि ते रोगाकडे, झिजेकडे झुकतं, अशी त्यांची धारणा. म्हणून प्रत्येक घरात निदान एक देवघर असतं. त्याच्या भिंतीत एक पेटी आणि पेटीत मंतरलेल्या पुड्या, काढे. पेटीखाली पवित्र पाण्याचं छोटं कुंड. घरातला प्रत्येक जण रोज एकेकटा तिथे जाऊन विधी करतो. हे लोक डुकराचे केस आणि जादूची पूड तोंडात घालून ठरावीक हालचाली करतात. वर्षातून एकदोनदा ‘पवित्र मुखपुरुषा’कडे जाऊन दातांना भोकं पाडून घेतात. फार आजारी पडले की ‘लाटिप्सो’ नावाच्या मंदिरात जातात आणि तिथून परत येण्याची खात्री नसते.

‘नासिरेमा’ रोमन लिपीत उलटं वाचलं की ‘अमेरिकन’. देवघर म्हणजे बाथरूम, पेटी म्हणजे औषधांचं कपाट, मुखपुरुष म्हणजे दातांचा डॉक्टर. लाटिप्सो म्हणजे एक अक्षर गाळून उलटं लिहिलेलं हॉस्पिटल. देवनागरीत ही युक्ती चालत नाही. ‘नासिरेमा’ उलटं केलं तर ‘मारेसिना’ होतं. पण मराठी वाचकाला मुद्दा कळायला अडचण नाही. ज्या थंड, वरून पाहणाऱ्या भाषेत मानवशास्त्रज्ञांनी आफ्रिकेतल्या आणि पॅसिफिक बेटांवरच्या लोकांची वर्णनं केली, तीच भाषा मायनरनं दात घासण्याला लावली. ‘विधी’, ‘जादू’, ‘श्रद्धा’ हे शब्द किती सहज माणसाला वेडगळ ठरवतात, हे दिसण्यासाठी त्यानं आरसा फिरवला. तो मानवशास्त्रज्ञांच्याच नियतकालिकात फिरवला, हे त्याचं धाडसच.

वर्गात बाईंनी विचारलं, “तुम्हांला कुठल्या ओळीवर कळलं?” इथेच वर्गाचे दोन भाग पडले. इथेच जन्मलेल्या मुलांना उशिरा कळलं होतं आणि कळल्यावर ती खळखळून हसली होती. बाहेरून आलेल्या आम्हां सात-आठ जणांना पहिल्या पानावरच कळलं होतं आणि हसू फारसं आलं नव्हतं. कारण अमेरिकन बाथरूम आम्हांला खरोखरच विचित्र वाटलेलं होतं. पहिल्या आठवड्यात मी त्या कोरड्या खोलीत उभा राहून बादली कुठे ठेवायची याचा विचार केलेला होता. मायनर ज्याला प्रयत्नपूर्वक परकं करतो, ते आमच्यासाठी आधीच परकं होतं.

निबंधाची पहिली मर्यादा मला तिथे दिसली. मायनरचा वाचक कोण, हे ठरलेलं आहे. ज्याचं वर्णन आजवर दुसऱ्या कुणी केलेलं नाही, असा माणूस. त्याला एकदा आपलं वर्णन वाचायला लावणं हा धक्का. ज्यांची वर्णनं दोनशे वर्षं इतरांनी लिहिली, त्यांना हा धक्का बसत नाही, बसण्याचं कारणही नाही. कम्युनिटी कॉलेजच्या वर्गात हे दोन्ही वाचक शेजारी शेजारी बसतात, म्हणून भेग लगेच दिसते.

पण खरा प्रश्न माझा नव्हता. कॉफीच्या एप्रनवाली मुलगी पुढच्या बाकावर बसायची. ती म्हणाली, “माझी आई अशी देवघरं साफ करते. दिवसाला चार घरं. ती यात कुठे आहे?”

बाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी प्रश्न जसाच्या तसा फळ्यावर लिहिला.

घरी येऊन मी ती पाच पानं पुन्हा वाचली, कोडमधला बग शोधावा तशी. देवघर बांधणारे आहेत. श्रीमंतांच्या देवघराला दगडी भिंती आणि गरिबांच्या देवघराला मातीच्या फरश्या, हा फरकही आहे. म्हणजे मायनरला वर्ग दिसतो. लाटिप्सोच्या दारावरचे रखवालदार भरघोस दक्षिणा मिळाल्याशिवाय रोग्याला आत घेत नाहीत, हा टोमणा तर आजही लागू पडतो. पण देवघर कुणी घासत नाही. ते आपोआप पवित्र राहतं.

आणि तारीख पाहा. जून १९५६. अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बसवर टाकलेला बहिष्कार तेव्हा सहा महिने चालू होता. दक्षिणेतल्या राज्यांत सार्वजनिक संडास, पाण्याचे नळ, हॉस्पिटलातले वॉर्ड गोऱ्यांचे वेगळे आणि काळ्यांचे वेगळे होते, दारावर तशा पाट्या होत्या. नासिरेमांच्या शुद्धीच्या कल्पनांवर, पवित्र पाण्यावर आणि न्हाणीघरांवर पाच पानं लिहिली गेली, आणि त्यांत एका न्हाणीघराच्या दारावर दोन पाट्या असतात ही गोष्ट नाही. परग्रहावरून आलेल्या कुणालाही जी सर्वांत आधी दिसली असती, तीच.

मायनरच्या बाजूनं बोलायचं तर हा विडंबनलेख आहे, सर्वेक्षण नव्हे. त्याला सहकाऱ्यांच्या भाषेची खोड काढायची होती, ती त्यानं चोख काढली. सगळं लिहिलंच पाहिजे असा कुणावर दंडक नाही. पण माझा आक्षेप वगळण्यापेक्षा युक्तीवर आहे. ‘ते असं मानतात’, ‘ते असं करतात’ या भाषेत एक ‘ते’ लागतो, आणि तो ‘ते’ एकसंध असावा लागतो. त्यात कुणी वर, कुणी खाली आहे हे आलं की गंमत संपते, कारण खालच्याला तो विधी कधीच विचित्र वाटत नाही. त्याला तो जाच वाटतो. सगळं सारखंच विचित्र दाखवणारी भाषा कुणालाच जबाबदार धरत नाही. सगळे हसतात आणि घरी जातात.

पुढच्या आठवड्यांत आम्ही अशाच दोन नेहमीच्या निबंधांशी त्याची तुलना केली. लॉरा बोहॅनन यांचा ‘शेक्सपिअर इन द बुश’ (१९६६) आणि रिचर्ड ली यांचा ‘ईटिंग ख्रिसमस इन द कालाहारी’ (१९६९), दोन्ही ‘नॅचरल हिस्टरी’ मासिकातले. बोहॅनन नायजेरियातल्या टिव्ह लोकांना ‘हॅम्लेट’ची गोष्ट सांगायला बसतात, हे कथानक जगात कुठेही कळेल अशा खात्रीनं. पण तिथले वडीलधारे दर पावलाला त्यांना अडवतात. भावाच्या विधवेशी धाकट्या भावानं लगेच लग्न केलं, यात वाईट काय? उत्तमच केलं. मेलेला माणूस चालत-बोलत येईलच कसा? शेवटी ते बोहॅनन यांनाच गोष्टीचा खरा अर्थ समजावून देतात. ली कालाहारीतल्या लोकांना ख्रिसमससाठी सर्वांत मोठा बैल विकत घेऊन देतो, तर जो भेटतो तो म्हणतो, हे काय हाडांचं गाठोडं आणलंस. तो आठवडाभर खंतावतो. मग कळतं, की भरपूर मांस आणणाऱ्याच्या डोक्यात हवा जाऊ नये म्हणून त्याची शिकार हिणवायची, ही तिथली रीतच आहे.

दोन्ही निबंधांना वय झालं आहे. त्यांतल्या वसाहती चौकटीवर बाईंनी पुरेसं सुनावलं. पण या दोन्हींत कुणीतरी उलट बोलतं. वर्णन करणाऱ्याचीच चूक निघते आणि ती काढणारा माणूस पानावर हजर असतो. मायनरच्या पाच पानांत एकही नासिरेमा तोंड उघडून बोलत नाही. तो फक्त दात घासतो. एखादा निबंध वर्गात टिकावा की नाही, यासाठी मला आता हीच कसोटी बरी वाटते: यात कुणी उलट बोलतं का?

मग मायनर इतकी वर्षं वर्गात टिकला कसा? याचं उत्तर मला निबंधात मिळालं नाही, बाईंच्या गाडीच्या डिकीत मिळालं.

एका गुरुवारी वर्ग संपल्यावर मी त्यांची पुस्तकं पार्किंगपर्यंत नेऊन दिली. डिकीत तीन प्लास्टिकचे खोके होते, प्रत्येकावर एका कॉलेजचं नाव. बाई अर्धवेळ शिकवतात. कॅलिफोर्नियात अर्धवेळ शिक्षकाला एका डिस्ट्रिक्टमध्ये पूर्णवेळ कामाच्या ६७ टक्क्यांहून जास्त वर्ग देता येत नाहीत. जास्त दिले तर त्याला कायम करण्याचा प्रश्न उभा राहतो. म्हणून पोट भरायला दोन-तीन डिस्ट्रिक्टांत शिकवायचं आणि मधला वेळ महामार्गावर काढायचा. इथे अशा शिक्षकांना ‘फ्रीवे फ्लायर’ म्हणतात. बाईंना आमच्या कॉलेजात खोली नाही. विद्यार्थ्यांना भेटण्याची त्यांची जागा म्हणजे ग्रंथालयाबाहेरचं बाकडं. हा वर्ग त्यांना मिळणार हे सत्र सुरू होण्याच्या आठवडाभर आधी कळलं होतं, आणि पटसंख्या कमी भरली असती तर तोही रद्द झाला असता.

हे माहीत झाल्यावर मी वाचनयादीकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं. पाच पानं. एका बैठकीत वाचून होणारी. पूर्वतयारी न केलेल्या विद्यार्थ्यालाही वर्गात बोलतं करणारी. शेवटी एक गुपित, जे फुटलं की शिक्षिकेला अर्धा तास आयता मिळतो. आठवडाभर आधी वर्ग हाती आलेल्या आणि त्याच संध्याकाळी दुसऱ्या गावी पोचायचं असलेल्या माणसासाठी याहून भरवशाचा मजकूर नाही. साहित्यात आपण म्हणतो, की काळाच्या कसोटीवर उतरतं ते अभिजात. तोंडओळखीच्या वर्गात काळाइतकीच वेळापत्रकाची कसोटी चालते. नासिरेमांचं न्हाणीघर न दिसणारं कुणीतरी घासतं, तसाच हा वर्गही न दिसणाऱ्या तीन खोक्यांवर चालतो. मी बाईंना तसं म्हणालो. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “छान आहे. पण मला आता निघायला हवं.”

सत्राच्या मध्यावर लिहायचं होतं ते ठरलेलंच: आपल्या घराचं वर्णन मायनरच्या पद्धतीनं करा. मी ‘मराठी’ हा शब्द रोमन अक्षरांत उलटा केला. ‘इहतारम’ झालं. शेजारची लाहोरची मुलगी म्हणाली, “हे तर आमच्याकडे एहतराम. म्हणजे आदर.” मला योगायोग फार आवडला आणि मी रंगात येऊन लिहिलं. इहतारम लोक पितळेच्या लहान मूर्तींना स्वतःच्या आधी आंघोळ घालतात. त्यांच्या चुलीवरचं एक भांडं तीनदा किंचाळल्याशिवाय ते जेवण शिजलं असं मानत नाहीत. परीक्षेला जाणाऱ्या मुलाच्या हातावर ते दही ठेवतात आणि गुण कमी पडले तर दह्याला दोष देत नाहीत. शेवटी, गंमत म्हणूनच, आणखी एक परिच्छेद घातला. रोज सकाळी एक स्त्री येऊन भांड्यांची शुद्धी करते. तिला ते आईच्या बहिणीच्या नात्यानं हाक मारतात आणि एक उष्ण पेय देतात. पण ते पेय एका वेगळ्या, कान तुटलेल्या पेल्यात दिलं जातं, आणि तो पेला इतर पेल्यांबरोबर कधीच ठेवला जात नाही. याचं कारण आता कुणालाच आठवत नाही.

बाईंनी पूर्ण गुण दिले. पेल्याच्या परिच्छेदाशेजारी पेन्सिलीनं दोन वाक्यं होती. त्यांचा आशय असा: “तुम्ही म्हणता, कारण कुणालाच आठवत नाही. ज्या स्त्रीला त्या पेल्यातून प्यावं लागतं, तिलाही आठवत नाही का?”

मी पुण्यातल्या आमच्या घरात मनानं परत गेलो. ड्राय बाल्कनीत भांडी घासायची मोरी, तिच्यावरच्या खिडकीच्या गजांशी तो कप. मावशी उंबऱ्यावर टेकून चहा प्यायच्या, कप स्वतःच विसळून स्वतःच जागेवर ठेवायच्या. त्यांच्या मुलीला दहावीला गणितात किती पडले हे मला माहीत होतं. मीच तिला दोन महिने शिकवलं होतं. ती आमच्या दिवाणखान्यात सोफ्यावर बसून शिकायची आणि त्याच वेळी तिची आई उंबऱ्यावर बसायची. हे दोन्ही मी एकाच वेळी पाहत होतो आणि मला त्यात काही दिसत नव्हतं. अमेरिकन माणसाचं बाथरूम मला पहिल्या पानावर ओळखू आलं. घरातला कप दिसायला वीस वर्षं आणि पेन्सिलीची दोन वाक्यं लागली.

रविवारी आईला फोनवर विचारलं. ती आधी म्हणाली, “अरे, त्यांनाच तसं बरं वाटतं.” मग, “तू तिकडे जाऊन हेच शिकतोस का?” आणि मग थोडं थांबून, “इरावतीबाईंचं ‘वाटचाल’ वाच. माझ्या कपाटात आहे, पण तू तिकडे कुठूनही मिळव.”

मला इंग्रजीतून मिळालं. १९६२ साली ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’मध्ये त्या लेखाचं भाषांतर आलेलं आहे. मानवशास्त्रज्ञ असलेल्या इरावती कर्वे आळंदीहून पंढरपूरला दिंडीबरोबर चालत गेल्या, त्याचा हा लेख. मायनर वाचल्यावर लगेच हा लेख वाचावा, म्हणजे फरक कळतो. इरावतीबाईही आपल्याच लोकांचं वर्णन करतात, पण त्यांच्याकडे ‘ते’ नाही आणि सोयीचा ‘आपण’ही नाही. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे चालतात, एकच अभंग म्हणतात, आणि जेवायला वेगळे बसतात. ही गोष्ट त्यांना रोज टोचते. त्या दुसऱ्या पंगतीत जाऊन जेवतात आणि त्यानंतर बायका आपल्याशी अधिक मोकळ्या बोलू लागल्याचं नोंदवतात. महाराष्ट्राची व्याख्या त्यांना त्याच वाटेवर सापडते आणि त्या व्याख्येला गेलेला तडाही तिथेच. निरीक्षण करणारीला तिथे उभं राहायला बाहेरची जागा नाही. तिला कुठल्या तरी पंगतीत बसावंच लागतं.

आईनं हा लेख माझ्या जन्माआधी वाचला होता. तिला तो आवडतो. कप तरीही खिडकीत होता. हे मी तिला टोमणा म्हणून लिहीत नाही. चांगला लेख वाचून काय होतं आणि काय होत नाही, याचा हा आमच्या घरातला पुरावा आहे, एवढंच.

बाईंनी पानाच्या तळाशी आणखी एक नोंद केली होती: एक वर्ष आणि एक नाव. १९१६, आंबेडकर. खाली प्रश्न: हा मानवशास्त्राच्या वर्गात वाचलेला निबंध आहे, माहीत आहे ना?

माहीत नव्हतं. मी ज्या शहरात वाढलो तिथे आंबेडकर जयंतीला रस्ते भरून वाहतात. पण ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला, हे मला तीन खोके घेऊन फिरणाऱ्या एका अमेरिकन बाईंनी सांगावं लागलं. निबंधाच्या पूर्ण नावात ‘मेकॅनिझम’ हा शब्द आहे. इंजिनिअरला तो आधी दिसतो.

मायनर विधी दाखवतो. आंबेडकर विधी बाजूला सारून यंत्रणा शोधतात. सेनार, नेसफील्ड, रिस्ली आणि आपले ज्ञानकोशकार केतकर यांच्या जातीच्या व्याख्या ते एकेक करून तपासतात. विटाळ हे जातीचं मूळ लक्षण नव्हे; धर्माचा रंग चढला तिथे ते आलं. वेगळं जेवणं हे कारण नव्हे, परिणाम आहे. सगळं गाळून खाली एक गोष्ट उरते: जातीतच लग्न. आणि मग ते जवळजवळ हिशेब मांडतात. गटाबाहेर लग्न बंद केलं तर गटातल्या स्त्री-पुरुषांची संख्या जुळत राहिली पाहिजे. नवरा मेला तर एक स्त्री ‘जास्तीची’ होते; तिला सती पाठवा किंवा जन्मभर विधवा ठेवा. बायको मेली तर एक पुरुष जास्तीचा. त्याला लग्नाच्या वयाखालची मुलगी द्या. ज्या रूढी मायनरच्या भाषेत निव्वळ विचित्र दिसल्या असत्या, त्या इथे एका बंद यंत्राची शिल्लक साफ करण्याची साधनं ठरतात. इथे कुणाला हसू येत नाही. कोण घासतं आणि कशासाठी, ते या निबंधात पहिल्यापासून आहे.

सत्राच्या शेवटी बाईंनी विचारलं, यादीतलं काय काढू? मी म्हणालो, मायनर ठेवा, पण एकटा ठेवू नका. त्याच्या शेजारी हा १९१६चा निबंध ठेवा. तो लांब आहे, एका संध्याकाळी होणार नाही हे मला माहीत आहे. त्या म्हणाल्या, पुढच्या सत्रात वर्ग मिळाला तर बघते.

इथे लेख संपवता आला असता. पण माझं स्वतःचं एक काम राहिलं होतं. इहतारम लोकांबद्दल लिहिताना मी आईचा कप निवडला, कारण तो आईचा होता. आंबेडकरांच्या हिशेबानं कप हा परिणाम, आणि कारण माझ्या फोनमध्ये होतं. मी अठ्ठावीस वर्षांचा आहे. त्याच महिन्यात आई-बाबांनी माझा बायोडेटा तयार केला होता, लग्न जुळवणाऱ्या संकेतस्थळावर माझं नाव घातलं होतं, आणि दर रविवारी दोन-तीन स्थळं व्हॉट्सअॅपवर येत होती. जात आणि पोटजात यांसाठी त्या फॉर्मवर ड्रॉपडाउन आहे. मी असले ड्रॉपडाउन पोटासाठी लिहितो. यादीतला एक पर्याय निवडला की बाकीचे लोक पडद्यावर येतच नाहीत, कुणाला नकार देण्याची वेळही येत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. तो रकाना मी तपासून ‘ठीक आहे’ म्हटलं होतं.

कपाचं पुढे काय झालं, ते आईनं आपणहून सांगितलं. मावशींना आता घरातल्याच कपातून चहा देते म्हणाली. पहिल्या दिवशी मावशींनी तो दोनदा विसळला. अजून उंबऱ्यावरच बसतात.

मग मी बाबांना फोन केला आणि म्हणालो, बायोडेटातून जातीची ओळ काढा, आणि तिकडचा तो रकानाही रिकामा ठेवा. वाद होईल असं धरून मी मुद्दे लिहून ठेवले होते. बाबा शांतपणे म्हणाले, “काढतो की. त्यात काय एवढं? आडनाव आहेच.”